येमूल आणि माझा उजवा कान

आमचा येमूल टपरीवर चहा मागताना तोंडासमोर पुठ्ठा धरतो. ओठ दिसता कामा नयेत. चहावाल्याने बरोबर कप दिले, की पुठ्ठा खाली करून म्हणतो, "कान पास." एकदा एका ट्रॅफिक हवालदारालाही त्याने असंच पास केलं. हवालदाराने त्याची गाडी बाजूला घ्यायला लावली.

येमूल आमच्या केंद्रात कानाची मशीनं बसवतो. मी केंद्राचा प्रमुख. म्हणजे शिबिरं भरवायची, मशीनं वाटायची, फोटो वर पाठवायचे. येमूलला शिबिरांचा राग. "साहेब, हे काय लाडू हायत का वाटायला? ज्याच्या त्याच्या कानाचा साचा घ्यावा लागतो की. मापाशिवाय ब्लाउज तरी शिवतंय का कोन?" साच्याला वेळ लागतो, माणसाला परत बोलवावं लागतं, गावोगाव जायला गाडी लागते. गाडी मी देत नसे. तो एसटीने जायचा.

दसऱ्यानंतर त्याचा हंगाम. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजतात, त्यात कानाचं मशीनही बसतं. मग हळदीकुंकवाने बुजलेली मशीनं ब्रशने साफ करत येमूल पुटपुटतो, "पूजा करा, पन देवाच्या नाकात कुंकू कोंबू नगा."

यंदा मंद्रूपला मीही त्याच्यासोबत गेलो. शांताबाई नावाच्या आजींचं मशीन देव्हाऱ्यातच सापडलं.

"शिट्टी मारतंय म्हनून घालीत न्हाईत," सून म्हणाली.

येमूल आजींच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "मग सांगायचं न्हाई का, आजी?"

"सांगितलं की. शिबिरात ह्याच सायबास्नी सांगितलं, लई शिट्टी वाजती. म्हनले, छान, छान. म्हटलं, वाजायचीच आसंल. पोरं हसाय लागली, मग ठिवलं देवापाशी. तवापासनं गप बसून हाय मी."

सून हसली. येमूल हसला नाही. "शिबिरात लई गलका असतो, आजी," एवढंच म्हणून तो साचा घ्यायला लागला; कानात सैल बसलं की मशीन शिट्टी मारतं.

गलक्याचा दोष नव्हता. आजी माझ्या उजवीकडे उभ्या असणार, आणि माझा उजवा कान काही वर्षांपूर्वीच गेलाय. घरी, ऑफिसात, कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. मशीनं वाटणाऱ्यानेच मशीन घालायचं, याची लाज वाटायची. परतताना एसटीत येमूल माझ्या डावीकडे बसला. तेव्हा ध्यानात आलं, मीटिंगमध्येही हा नेहमी डावीकडेच बसतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि उजवी बाजू पुढे करून बसलो.  त्याने साच्याचा गुलाबी लगदा मळून कानात भरला. "घट्ट होईपर्यंत जबडा हलवू नका. बोलायचं न्हाई."

मग माझ्या डावीकडे स्टूल ओढून तोच बोलत राहिला.

"आमचे वडील पॉवरलूमवर होते. मागाच्या आवाजानं दोन्ही कान गेले. मी मशीन बनवून दिलं, दोनदा. घातलं न्हाई. लोक बहिरा म्हणतील म्हणायचे. लोक म्हणतच होते की. शेवटी घरात आमी दोघंच. मी आलो की विचारायचे, जेवलास का? व्हय म्हटलेलं ऐकू जायचं न्हाई, परत विचारायचे. ओरडून ओरडून थकलो, साहेब. मग मी बोलायचंच सोडलं. ते विचारायचे, मी ताटाकडं बघत बसायचो."

मी ओठ मिटून बसलो होतो. लगदा वाळला का ते बघायला त्याचा हात माझ्या कानाशी आला, आणि तिथंच जरा थांबला.