कूपर्स बचाव कृती समिती (वाहनतळ विभाग)

ज्या गोष्टीवर माणसाचं जिवापाड प्रेम असतं ती प्रत्यक्ष पाहायला त्याला सहसा सवड होत नाही, हा जगाचा जुना नियम आहे. विस्कॉन्सिनमधल्या लेक हॅनोव्हर शहराने हा नियम जितक्या शिस्तीने पाळला तितका क्वचितच कुणी पाळला असेल. कूपर्स, म्हणजे पिंपं घडवणारे, हा त्या शहराचा बेसबॉल संघ. घराघरावर कूपर्सचं निशाण, तान्ह्या पोरांच्या झबल्यांवर कूपर्सचं लाकडी पिंप (हे संघाचं बोधचिन्ह), आणि गावातली निम्मी म्हातारी माणसं कूपर्सची टोपी घालूनच शवपेटीत गेलेली. फक्त मैदानात कुणी जात नसे.

याचा अर्थ लोक मैदानापर्यंत येत नसत असा कुणी घेऊ नये. येत होते, चांगले चार तास आधी येत होते. मैदानाच्या भोवती अफाट वाहनतळ आहे. तिथे गाडीचं मागचं दार उघडायचं, शेगडी पेटवायची, बिअरमध्ये उकडलेली सॉसेज भाजायची, घडीच्या खुर्च्या मांडून गप्पा हाणायच्या, ही तिथली तीन पिढ्यांची रीत. सामना सुरू झाला की सगळ्यांनी उठून आत जायचं, असं या रितीचं एक शेवटचं कलमही होतं. पण सॉसेजचा दुसरा घाणा शेगडीवर असतो, कुणाची बिअर अर्धी असते, आणि समालोचन काय, गाडीच्या रेडिओवरही लागतं. अशा सबळ कारणांमुळे ते कलम हळूहळू गळून पडलं. एका पाहणीनुसार (ही पाहणी नॉर्बर्ट झालेव्स्कीने खुर्चीत बसल्या बसल्या केली होती) शंभरातले सत्त्याऐंशी प्रेक्षक बाहेर असत, तेरा आत. त्या तेरांतले चार स्वच्छतागृह शोधत गेलेले असत.

नॉर्बर्ट हा कागद गिरणीतून निवृत्त झालेला मुकादम. वाहनतळाच्या क विभागात चौदाव्या दिव्याच्या खांबाशी त्याची जागा होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण तिथे दुसऱ्या कुणी गाडी लावली तर लोक त्याला बाहेरगावचा समजून हळुवारपणे उठवत. त्या खांबाशी नॉर्बर्टच्या बापाने त्याला निखारे फुलवायला शिकवलं होतं आणि त्याच खांबाला टेकून त्याने जेराल्डिनला लग्नाचं विचारलं होतं. माणसाला जगात स्वतःची अशी एक तरी जागा हवी, असं नॉर्बर्ट म्हणे. ती घराबाहेर असावी, अशी जेराल्डिन पुस्ती जोडत असे.

मे महिन्यात संघाचे मालक टिलीसाहेब यांनी जाहीर केलं की, हॅनोव्हरकरांना बेसबॉलमध्ये रस उरला नसल्याचं खेदपूर्वक निदर्शनास आल्यामुळे संघ लंडनला हलवण्याच्या शक्यता पडताळून पाहण्यात येत आहेत. वाहनतळावर ही बातमी आली तेव्हा कूपर्सचा सामना चालू होता, पण लोक इतके भडकले की त्यांनी रेडिओ बंद केला.

“लंडन?” नॉर्बर्ट म्हणाला. “अरे, तिकडे लोक पाच-पाच दिवस खेळतात, मध्येच चहा पितात, आणि शेवटी कुणीच जिंकत नाही. आपली पोरं तिथे काय करतील?”

“बरोबरी करतील,” ड्वेन ओल्सन म्हणाला. हा जेराल्डिनचा भाऊ, म्हणजे नॉर्बर्टचा मेहुणा. “हरण्यापेक्षा बरं की.”

“तू गप रे. तोंडातलं सॉसेज माझं आहे ते आधी गीळ.”

“सॉसेज तुझं खातो म्हणून मतही तुझंच देऊ काय? आणि मी म्हणतो, बिघडलं कुठे? लंडनला रात्र झाली की इथे दुपार असते. तिकडचा सामना इकडे भर दुपारी रेडिओवर. जेवण वेळेवर होईल.”

ड्वेनच्या या बोलण्याने बऱ्याच जणांचं मतपरिवर्तन झालं. संघ साडेतीनशे पावलांवर खेळला काय आणि समुद्रापलीकडे खेळला काय, रेडिओला फरक पडत नाही. उलट समुद्रापलीकडचा खेळ जास्त स्वच्छ ऐकू येईल, कारण आतल्या तेरा टक्क्यांचा गोंगाट मध्ये येणार नाही, असंही एकाने सांगितलं. एका बाईंनी तर सगळेच संघ परदेशी पाठवून मैदानांच्या जागी आणखी वाहनतळं करावीत, अशी सूचना मांडली आणि तिला टाळ्या पडल्या.

“आणि संघच गेला,” नॉर्बर्ट सावकाश म्हणाला, “तर पार्किंगचं फाटक उघडणार कोण?”

हा मुद्दा तोवर कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. पाच मिनिटांत कूपर्स बचाव कृती समिती स्थापन झाली आणि नॉर्बर्टला अध्यक्ष केलं गेलं, कारण चिमटा त्याच्या हातात होता.

समितीने आंदोलनाच्या सर्व प्रचलित मार्गांचा साधकबाधक विचार केला. मोर्चा बाद झाला (चालावं लागतं). उपोषण बाद झालं (सॉसेज तयार होती). मैदानावर बहिष्कार घालण्याचा ठराव एकमताने मंजूर होणार, एवढ्यात तो गेली पंधरा वर्षं चालूच असल्याचं लक्षात आलं. शेवटी, नाइलाजाने, नॉर्बर्टनेच तो भयंकर उपाय सुचवला: एका रविवारी सगळ्यांनी तिकीट काढून आत जायचं.

“आत म्हणजे कुठे?” एका म्हातारीने विचारलं.

नॉर्बर्टने बोट दाखवलं तेव्हा तिने चष्मा लावून इमारतीकडे पाहिलं. मैदान इतकं जवळ आहे याची तिला कल्पना नव्हती. जून महिनाभर नॉर्बर्ट गाडी-गाडीपाशी हिंडला, हातापाया पडला, निखारे विझवून जाणाऱ्यांना परत आल्यावर स्वतः पेटवून द्यायचं वचन दिलं. खांब वाचवायचा तर एवढं करायलाच हवं होतं. आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. त्या रविवारी मैदानात मुंगी शिरायला जागा उरली नाही.

खेळ सुरू झाला, आणि रेडिओवरचा समालोचक किती दयाळू माणूस आहे हे नॉर्बर्टला कळलं. ज्याला तो इतकी वर्षं “वाऱ्यासारखा धावणारा” समजत होता तो गडी एका हाताने पँट सावरत येत होता. “थोडक्यात हुकलेला झेल” म्हणजे काय तेही त्याने पाहिलं. झेल घेणारा एकीकडे होता, चेंडू दुसरीकडे, आणि दोघांच्या मधून कबुतरं आरामात चालत गेली.

“नॉर्ब,” नऊपैकी पाचव्या डावात ड्वेन कुजबुजला, “हे रोज असंच असतं?”

“मला काय ठाऊक? मीही आजच आलोय.”

सातव्या डावापर्यंत कूपर्सवर चौदा धावा चढल्या होत्या. समितीने रांगेतच तातडीची बैठक घेतली. संघ प्रत्यक्ष पाहिल्यानंतर सदस्यांची मतं अधिक अभ्यासपूर्ण झाली होती. कूपर्सना लंडनलाच काय, जमल्यास त्याच्याही पुढे पाठवावं, मात्र जाताना मालकांनी वाहनतळाच्या फाटकाची किल्ली समितीकडे सोपवावी, असा ठराव झाला. नॉर्बर्टला ठराव मनापासून पटला. त्यात खांब वाचत होता आणि पुन्हा आत यावं लागणार नव्हतं. सामना संपताच तो मालकांना गाठायला खाली धावला.

पण टिलीसाहेब आधीच मैदानाच्या मध्यभागी जाऊन माइकपाशी उभे राहिले होते. ते रडत होते.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “चौदा धावांनी हरत असताना एकही माणूस उठला नाही. कूपर्स कुठेही जाणार नाहीत.”

कुणी टाळी वाजवली नाही. (दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राने याचं वर्णन “भावनातिरेकाने स्तब्ध जनसमुदाय” असं केलं. उठलं कुणी नव्हतं ते खरं, पण सगळे एकदम निघाले तर पार्किंगमधून गाडी बाहेर निघत नाही, एवढंच त्याचं कारण होतं.) मग साहेबांनी डोळे पुसले. एवढ्या मोठ्या प्रेमाला हे मैदान अपुरं पडतं आहे, म्हणून वाहनतळाच्या क विभागावर दहा हजार आसनांची नवी गॅलरी उभारण्यात येईल, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. त्यात समितीच्या अध्यक्षांना आजन्म मोफत आसन मिळेल, आणि तेही त्यांची गाडी जिथे उभी असे नेमकं तिथेच.

नॉर्बर्टला बाप आठवला, जेराल्डिन खांबाला पाठ लावून हसली होती ते आठवलं, आणि भर मैदानात तो लहान पोरासारखा रडला. साहेबांनी त्याला मिठी मारली. आनंदाश्रूंचा तो फोटो अजून शहराच्या सभागृहात लावलेला आहे.

पुढच्या एप्रिलपासून नॉर्बर्ट मोसमातले सगळे एक्क्याऐंशी घरचे सामने पाहतो. उठून जाता येत नाही, कारण प्रत्येक डावानंतर मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा दाखवून खाली “आमचा सर्वांत निष्ठावंत चाहता” अशी अक्षरं झळकतात. क विभागातली बाकीची मंडळी आता रस्त्यापलीकडे एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानासमोर शेगड्या लावतात. वारा तिकडून आला की नॉर्बर्टला वास येतो. मधूनच ड्वेनचा फोन येतो.

“काय रे, कसं चाललंय?”

“वाट लागलीय. नऊ धावा खाल्ल्या.”

“असं कसं? रेडिओवर तर आपण झकास खेळतोय.”

नॉर्बर्टची ही गत वाचून वाचकांना हसू आलं असेल, तर खुशाल हसावं. आपली गोष्ट निराळी आहे. मराठी पुस्तकांवर आपलं प्रेम आहे, ती जगली पाहिजेत असं आपण चारचौघांत ठासून सांगतो, आणि प्रकाशकाने दुकान आवरायचं म्हटलं तर सह्यांच्या मोहिमेत आपण पहिले असतो. आता हातात आहेच म्हणून विचारतो, हे पुस्तक विकत घेतलं आहे, की शेजाऱ्याकडून आणलं आहे? शेजाऱ्याला यातलं काही विचारायला जाऊ नका. त्याने ते माझ्याकडून नेलं होतं, आणि मीही ते कुणाचं तरी आणलेलं आहे.