चिमीचा उजवा पाय

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. शाळेतल्या मुलांच्या निबंधांवर लाल शाईच्या खुणा करण्यात माझी वर्षे गेली. स्वतः एखादे पान लिहावे असे पन्नाशी उलटेपर्यंत वाटले नाही, आणि वाटले तेव्हाही ते कोणाला दाखवावे असे वाटले नाही. परंतु अण्णांविषयी लिहील असा दुसरा कोणी आता उरलेला नाही. आणि जे घडले त्यात माझाही थोडा अपराध आहे.

अण्णा महत्त्वाची गोष्ट कधी तोंडाने बोलत नसत.

ते सांगलीच्या हळद बाजारात एका पेढीवर दलाल होते. त्या काळी हळदीचा सौदा उघड होत नसे. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर एक रुमाल पडे, आणि त्याखाली बोटे दाबून भाव सांगितला जाई. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी काय ठरले ते त्या दोन हातांनाच ठाऊक. इतर दलाल ही रीत संध्याकाळी बाजारातच ठेवून घरी जात. अण्णा ती घरी घेऊन येत. रुमालाऐवजी त्यांच्या खांद्यावर एक जुने उपरणे असे. बाजारात झडलेल्या हळदीने त्याचा मूळचा पांढरा रंग केव्हाच गेला होता.

"उघड्यावर बोललं की गोष्टीला वारा लागतो, मास्तर," असे ते मला सांगत, आणि एवढे सांगण्यासाठीही इकडेतिकडे पाहून घेत.

एकदा त्यांच्या पोटात दुखू लागले. मीच त्यांना डॉक्टरांकडे नेले. कुठे दुखते असे विचारताच अण्णांनी मांडीवर उपरणे पसरले, डॉक्टरांचा हात त्याखाली ओढला आणि त्यांची दोन बोटे दाबली. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले.

"दोन जागी, सायेब," अण्णा हळूच म्हणाले. "त्यातली एक सांगण्याजोगी न्हाई."

त्यांच्या मुलीचे, गोदूचे, लग्नही असेच ठरले. मुलाचे वडील पाटणकडचे, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले; साधे पाणी मागितले तरी शेजारच्या गल्लीत ऐकू जाई. देण्याघेण्याची बोलणी सुरू होताच अण्णांनी उपरणे पुढे केले. पाऊण घटका दोन्ही हात आत होते. शेवटी सुभेदार गरजले, "मंजूर." बाहेर आल्यावर मी भीतभीत सुभेदारांना विचारले, की नक्की काय ठरले.

"मला कशाचं कळतंय त्यातलं?" ते म्हणाले. "पर हात खरा वाटला गड्याचा."

हळदीच्या एका वखारीच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या होत्या. एक अण्णांची, एक माझी, आणि दोहोंपुढे एकच सोपा. अण्णांची पत्नी मी तिथे राहायला येण्यापूर्वीच वारली होती. मी अविवाहित, आणि स्वभावाने असा की शेजाऱ्याकडे विस्तव मागायलाही दोनदा दारापर्यंत जाऊन परत येई. गोदू सासरी गेल्यावर सोप्यावर तिघेच उरलो. अण्णा, मी आणि गोदूची मांजर चिमी.

चिमी जन्मतः पांढरी होती म्हणतात. मी पाहिली ती पिवळी. भिंतीच्या भोकातून ती वखारीत जाई आणि दिवसभर हळदीच्या पोत्यांवर झोपे. मला जनावरांची भीती वाटते. तिनेही मला कधी अंगाला हात लावू दिला नाही. आमचा संबंध परस्परांना वाट देण्यापुरता होता. अण्णांशी मात्र तिचा रोज सकाळी सौदा होई. दूध आले की अण्णा सोप्यावर मांडी घालून बसत. चिमी समोर येऊन बसे आणि पुढचा उजवा पाय उचले. त्या पायावर उपरणे पडे, अण्णांचा हात आत जाई, आणि दोघेही डोळे मिटून बसत.

"लय चिकट बाई हाय," थोड्या वेळाने अण्णा म्हणत. "एका वाटीवर तुटत न्हाई." मग दीड वाटी दूध ओतले जाई. रोज दीडच वाटी.

दिवस लढाईचे होते. रॉकेल मिळेना, साखर मिळेना, आणि बाजारात जुने ते सगळेच लोकांना एकाएकी वेडगळ वाटू लागले होते. अण्णांच्या पेढीचा कारभार मालकांच्या मुलाकडे आला. तो मुंबईला शिकून आला होता. रुमालाखाली लबाडी चालते, आपल्या पेढीवर उघड लिलाव होईल, असे त्याने जाहीर केले. तो म्हणाला त्यात खोटे काहीच नव्हते. पहिल्या लिलावाला अण्णा धुतलेले धोतर नेसून गेले. त्यांची पाळी आली, सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले, आणि अण्णांच्या तोंडून शब्द फुटेना. अखेर त्यांनी लिलाव पुकारणाऱ्याचा हात धरला आणि त्यावर उपरणे टाकले. लोक इतके हसले की तो माणूसही हसू लागला.

त्या दिवशी ते दुपारीच घरी आले. "भाव म्हंजे काय भाजी हाय व्हय, वरडायला?" एवढेच म्हणाले. पुन्हा पेढीवर गेले नाहीत.

गोदूने पाटणला बोलावले. पण लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, ही रीत अण्णा पाळत. कुंडलला धाकट्या भावाचा ऊस होता, घर मोठे होते. तिकडे जायचे ठरले. प्रश्न चिमीचा राहिला.

मांजर न्यायचे तर पोत्यात घालून न्यावे, म्हणजे तिला वाट दिसत नाही आणि ती परत येत नाही, असा सल्ला सगळ्यांनी दिला. अण्णांना तो रुचला नाही. "पोत्यात हळद घालत्यात," ते म्हणाले. त्यांनी कोंबड्यांचे डालगे आणले, तिला वाट नीट दिसेल असे आपल्या मांडीवर घेतले आणि सर्व्हिस मोटारीत जाऊन बसले. मी निरोप द्यायला गेलो होतो. पेट्रोल मिळत नसल्याने मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. क्लीनरने शेगडीचा भाता फिरवला, मोटार भकाभका धूर टाकू लागली, आणि चिमी डालग्यासकट उडाली. डालगे एका बाईंच्या डोक्यावर पडले. चिमी दिसेनाशी झाली.

मी घरी पोहोचलो तेव्हा ती सोप्यावर अंग चाटत बसली होती. मागोमाग अण्णा आले; मोटार सोडून, वळकटी खांद्यावर घेऊन. त्यांनी मांडी घातली. चिमीने उजवा पाय पुढे केला. त्या वेळचा सौदा फार लांबला.

"न्हाई म्हणती," शेवटी ते म्हणाले. "जबरदस्तीचा सौदा आपण करत न्हाई. मास्तर, तुमी बघा तिच्याकडं." मग माझा हात ओढून घेतला, त्यावर उपरणे टाकले आणि माझी बोटे एकेक करून दाबली. त्यातून मी काय काय कबूल केले ते मला आजही सांगता येणार नाही. मी मान हलवली.

तेव्हापासून अण्णा दर बुधवारी कुंडलहून येत. सकाळच्या मोटारीने येत, चिमीशी सौदा करीत, माझ्याकडे भाकरी खात आणि संध्याकाळी परत जात. "तिच्यामुळं सांगली दिसती," म्हणत. "कुंडलात माणसं चांगली हायती. पर समदी मोठ्यानं बोलत्यात." मी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा घेऊ लागलो. एरवी माझ्या खोलीत भाजी एकच होई. बुधवारी दोन होत.

दीड वर्ष असे गेले. मग एका शनिवारी दुपारी मी शाळेतून आलो तो चिमी उंबऱ्याशी पडलेली होती. म्हातारी झाली होती. कोणी काही केले नव्हते. परसातल्या पेरूखाली खड्डा खणला आणि एका फडक्यात गुंडाळून तिला त्यात ठेवले. हात लावायची माझी ती पहिली वेळ, आणि तीही फडक्यावरून.

येत्या बुधवारी हे अण्णांना कसे सांगावे याचा मी रविवारभर विचार केला. त्यांना धक्का बसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे कारण निराळे होते. चिमी नाही म्हटल्यावर ते पुन्हा कशाला येतील?

सोमवारी मी एका विद्यार्थ्याच्या घरून चिमीच्याच चणीची एक पांढरी मांजरी आणली. मंगळवारी संध्याकाळी, दार लावून, तिला हळद लावली. लग्नात नवऱ्या मुलीला हळद लावताना बायका गाणी का म्हणतात ते मला तेव्हा कळले. काम सोपे नाही. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले आणि भिंतीवर पिवळे पंजे. पण मांजर पिवळी झाली.

बुधवारी अण्णा आले. मांडी घालून बसले. नवी मांजर, दुधाच्या वासाने का होईना, समोर आली. अण्णांनी तिच्या उजव्या पायावर उपरणे टाकले, हात आत घातला. मी भाकरीकडे पाहत उभा राहिलो. हात बराच वेळ आत होता. मग बाहेर आला. अण्णांनी बोटांना लागलेली हळद अंगठ्याने चोळून पाहिली, नाकाशी नेली. मग पुन्हा हात आत घातला आणि या वेळी तिचा डावा पाय धरला.

"आज डावा?" माझ्या तोंडून गेले.

"उजवा दुसऱ्या सौद्यात गुतलाय," अण्णा म्हणाले, आणि दूध ओतले. एक वाटी.

पुढच्या बुधवारी त्यांनी पिशवीतून हळदीची एक पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. "घरची हाय. चांगला रंग धरती." भाजीसाठी दिली असेल असे मी समजलो, आणि मनात लाजत मंगळवारी ती मांजरीसाठी वापरली. रंग खरोखर चांगला धरला. ती संपत आली की दुसरी पुडी येई. असे जवळजवळ तीन वर्षे चालले. सौदा नेहमी डाव्या पायाचा होई. मी पुन्हा विचारले नाही. अण्णांचा विक्षिप्तपणा मला नवा नव्हता.

मग एका बुधवारी मोटारीने अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारी गोदू आली. तिच्या कडेवर मूल होते आणि हातात घडी घातलेले उपरणे. अण्णा गेल्याचे तिने दारातच सांगितले. दुखणे दोन दिवसांचे, झोपेत गेले.

मी तिला बसायला सतरंजी टाकली. मांजर येऊन तिच्यासमोर बसली. गोदूने मुलाला खाली ठेवले, मांजरीचा उजवा पाय उचलून तळव्यावर घेतला, आणि सोडून दिला.

"ही व्हय ती?" ती म्हणाली.

मी काहीतरी बोलू लागलो. तिने ऐकून घेतले नाही.

"आवं मास्तर, आमच्या चिमीच्या या पायाचं एक बोट अर्धंच हुतं. पिलू हुती तवा माझ्याच हातनं दारात चेंगरलं. मी रडाय लागले, ती वरडाय लागली. मग अण्णांनी तिचा पाय उपरण्यात धरून ठिवला, दोघी गप हुईस्तवर. तवापास्नं तिला खोडच लागली, रोज पाय फुडं करायची."

"म्हणजे अण्णांना..."

"पैल्याच दिशी कळलं की. पंचमीला मी कुंडलला माहेरी गेले, तवा मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, मास्तरानं दुसरी आणून ठिवलीया, लय कष्टानं हुडकली असंल. तू गेलीस तर काय बोलू नगंस, गोष्टीला वारा लागंल." गोदू किंचित हसली; डोळ्यांना पदर लावला. "आनि म्हणाले, हळद तेवढी वाण्याकडची वापरत्यात, हलकी. आपल्यातली न्यायला पायजे."

ती संध्याकाळच्या मोटारीने गेली. उपरणे माझ्याकडे ठेवून गेली. अण्णांनी तसे सांगितले होते.

आता मी मांजरीला हळद लावत नाही. ती पांढरी झाली आहे. बुधवारी मात्र दोन भाज्या होतात. हाताला सवय लागली आहे. कधी ती समोर येऊन बसली तर तिच्या डाव्या पायावर उपरणे टाकतो. तिलाही आता त्याची सवय झाली आहे.

एकच गोष्ट राहून राहून मनात येते, आणि ती विचारण्यासारखे माझ्या ओळखीत कोणी नाही, म्हणून वाचकाला विचारतो. चिमी गेली हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. मग पुढची तीन वर्षे, दर बुधवारी, अण्णा कोणासाठी येत होते?