मानकात बसणारा चौक

मुलांनो, सावरून बसा. एका जंगलात एक बाजारतळ होता. जंगल कोणतं ते विचारू नका, कारण तिथले अध्यक्ष अजून पदावर आहेत.

बाजारतळ जंगलाच्या मधोमध होता आणि दिसायला अगदी गबाळा होता. जिकडेतिकडे करवंदीच्या जाळ्या. दोन जाळ्यांमधून वाट निघायची, चार उड्या मारल्या की वळायची आणि तिसऱ्याच जाळीमागे जाऊन संपायची. दर मंगळवारी तिथे बाजार भरे. तितर धान्य विकायचे, खारी बोरं नि आवळे विकायच्या, घुशी कुठून तरी आणलेलं जुनंपानं विकायच्या. आणि सगळ्यात आतल्या जाळीच्या पोटात बसून सगुणाबाई सशीण रताळी विकायची.

सगुणाबाईची रताळी गोड होती, पण गिऱ्हाइकाला सगुणाबाईच सापडत नसे. निम्मी रताळी संध्याकाळी परत घरी जात. ती तिचा नवरा गेनबा डोक्यावर पाटी घेऊन वाहून नेई. आपला एक पक्का गाळा असावा, पुढच्या रांगेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, एवढी एकच इच्छा सगुणाबाईच्या मनात होती.

त्या बाजारात शिकार बंद होती. अध्यक्ष बिबटराव यांनीच तसा नियम केला होता, आणि नियम झाल्यापासून बाजारात एकही शिकार झाली नव्हती. म्हणून दरवर्षी शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार होई. बिबटराव डोळे पुसत म्हणत, "मी काही केलं नाही हो. दया माझ्या स्वभावातच आहे."

खरी गोष्ट अशी, की बिबटरावांना बाजारात कधी कोणी दिसतच नसे. जाळीत मान घातली की मिशांना काटे लागत, आणि पुढे वळण असे. पण हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि बाजाराच्याही आलं नव्हतं. आपण दयाळू आहोत असं त्यांना मनापासून वाटे, आणि सगळ्यांना ते पटलं होतं.

मग बिबटराव अभ्यास दौऱ्यावर गेले. अभ्यास दौरा म्हणजे काय, ते तुम्ही निवडून आलात की कळेल. दूरच्या एका जंगलात त्यांनी एक चौक पाहिला. तो सपाट होता, सरळ होता आणि त्यात काही लपत नव्हतं. परत आल्यावर त्यांना आपल्या बाजारतळाची लाज वाटू लागली.

त्यांनी करकोचा नावाच्या नगररचनाकाराला बोलावलं. करकोचेसाहेबांनी बाजारतळ वरून पाहिला. ते सगळंच वरून पाहत. दोन घिरट्या घालून ते खाली उतरले, एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "हे शहर नाही, हा गुंता आहे. इथे मानकं लागू करावी लागतील."

मानकं लागू करायची तर समिती लागते. समितीवर बिबटराव आले, तरस आलं, दोन कोल्हे आले. छोट्या प्राण्यांचा एक प्रतिनिधी घ्यावा असा नियम होता, म्हणून सगुणाबाईला घेतलं. तिला बसायला पाट दिला आणि पहिल्याच बैठकीत सांगितलं की नव्या चौकातला गाळा क्रमांक एक तिचा. पुढची रांग, बरोबर व्यासपीठासमोर.

त्या दिवशी सगुणाबाई घरी आली ती हवेतच.

"अगं, पण जाळ्या काढल्यावर दडायचं कुठं?" गेनबाने विचारलं.

"दडायचं कशापायी? बाजारात शिकार बंद हाय की."

"हाय. पर जाळीबी हाय."

"तुमचं आपलं कायतरीच! आयुष्यभर काट्यात बसून रताळी इकायची का मी?"

बायकोने इतकी वर्षं काट्यात काढली होती हे गेनबालाही दिसत होतं.

पुढच्या बैठकीत करकोचेसाहेबांनी मानकं वाचून दाखवली. चौकाच्या कोणत्याही टोकाला उभं राहिलं, तरी चौकातला प्रत्येक जण दिसला पाहिजे. वाटा सरळ आणि रुंद असाव्यात. गाळे एका रांगेत, एका उंचीचे. प्रत्येक गाळ्याला दगडी ओटा, आणि ओटा आतून दगडमातीचा भराव घालून भरीव केलेला. हिरवाई सशाच्या गुडघ्याच्या वर जाऊ नये.

"सशाच्याच का?" तरसाने विचारलं.

"आपल्याला सर्वांना सामावून घ्यायचं आहे," करकोचेसाहेब म्हणाले.

बिबटरावांनी मान डोलावली. पहिलं मानक त्यांना फारच आवडलं होतं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

सगुणाबाईला गेनबाचं बोलणं आठवलं. तिने भीतभीत पंजा वर केला. "साहेब, एखादी जाळी ऱ्हाऊ द्या की. कडंला."

"जाळीला माझा व्यक्तिशः विरोध नाही," करकोचेसाहेब म्हणाले. "पण ती मानकात बसत नाही. आपण करवंदी कुंडीत लावू. छाटलेली, बिनकाट्याची. कुंड्या ओळीत ठेवू. तुमची सूचना उत्तम आहे."

आपली सूचना उत्तम आहे असं सगुणाबाईला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. ती पाटावर जरा ताठ बसली. उद्घाटनाच्या कोनशिलेवर तिचं नाव कोरायचं ठरलं: कुंड्यांची संकल्पना, सौ. सगुणाबाई.

कामाचा ठेका हुप्पाजी वानराला मिळाला. हुप्पाजीने आजवर जंगलातली बरीच कामं केली होती. ती कुठे आहेत, ते कोणी शोधलं नव्हतं. पण जाळ्या तोडायचं काम त्याने झटक्यात केलं, कारण मोडतोडीत वानराला मुळात रस असतो. मग ओटे उभे राहिले, फरशी बसली, कुंड्या आल्या. चौक खरोखर सुंदर झाला. वरून तर फारच.

उद्घाटनाच्या मंगळवारी सगळा बाजार नवीन चौकात आला. तितर, खारी, घुशी, उंदीर, सगळे आपापल्या ओट्यावर ओळीत बसले. सगुणाबाईने गाळा क्रमांक एकमध्ये रताळी रचली आणि तिला इतकं बरं वाटलं, की आईच्या आठवणीने तिचे डोळे भरून आले.

बिबटराव व्यासपीठावर भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "माझ्या कारकिर्दीत या बाजारात एकही..."

आणि ते थांबले. सगळा बाजार त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच एकदम दिसत होता.

त्यांनी आवंढा गिळला. "एकही... माझ्या लाडक्या, गुबगुबीत नागरिकांनो..."

गेनबा त्या वेळी दुसरी पाटी डोक्यावर घेऊन चौकाच्या बरोबर मधून येत होता.

"आवं, पळा!" सगुणाबाई ओरडली.

गेनबाने पाटी टाकली आणि जन्मभराच्या सवयीने जाळीकडे उडी घेतली. जाळी होती त्या जागी आता कुंडी होती. तो कुंडीमागे जाऊन अंग चोरून बसला. कुंडीतली करवंदी त्याच्या गुडघ्याएवढी होती. मानक अगदी काटेकोर पाळलं गेलं होतं.

मुलांनो, पुढचं मी सांगत नाही.

बाजार उधळला. तरस उठलं, कोल्हे उठले. सगुणाबाई ओट्याच्या मागच्या बाजूला घसरली आणि तिला वाटलं आता दगडावर डोकं आपटणार. पण दगड नव्हताच. ती ओट्याच्या आत गेली. आत काळोख होता, गारवा होता आणि भराव म्हणून एक खडासुद्धा नव्हता. हुप्पाजीने चार बाजू रचल्या होत्या, वर फरशी ठेवली होती, मागची भिंत अर्धवट सोडली होती आणि भरावाचं बिल लावून तो घरी गेला होता. त्या पोकळीत सगुणाबाई अंधार पडेपर्यंत रडत बसली. कुंड्या तिच्या सूचनेवरून आल्या होत्या, आणि हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक झाली. बिबटरावांना खरोखर वाईट वाटलं होतं. "माझं मलाच कळलं नाही," ते म्हणाले. "असा मी नाही हो. तुम्ही मला ओळखता." दुखवट्याचा ठराव झाला आणि सगळे उभे राहिले. मग कारणांचा शोध घेण्यात आला. समोरचा धावला की पाय आपोआप मागे जातात, असं दोन्ही कोल्ह्यांनी अनुभवाने सांगितलं. म्हणून नवीन मानक आलं: चौकात कोणीही धावू नये.

घरी जाताना सगुणाबाई एकेका गाळ्याच्या मागे डोकावत गेली. प्रत्येक ओटा आतून पोकळ होता. हुप्पाजीने एकाही ओट्याला वेगळी वागणूक दिली नव्हती.

तिने तितरांना सांगितलं, खारींना सांगितलं, घुशींना सांगितलं. पोटाला बाजार हवाच होता. पुढच्या मंगळवारी सगळे परत आले आणि ओट्याच्या मागच्या कडेला टेकून बसले. दर बाजाराला बिबटरावांचं भाषण असे. ते अडखळलं, की सगळा बाजार हळूच, न धावता, खाली उतरे. बिबटराव डोळे चोळून बघत, तर चौक मोकळा. मग त्यांच्या तोंडाला सुटलेलं पाणी ओसरे, आणि बाजार पुन्हा वर येऊन बसे.

असे बरेच मंगळवार गेले. एकही शिकार झाली नाही. बिबटरावांचा पुन्हा सत्कार झाला, आणि दया आपल्या स्वभावातच आहे, असं त्यांनी पुन्हा सांगितलं.

पण एकदा सत्काराहून परतताना ते दमून एका ओट्यावर टेकले. टेकून शेपूट आपटली. ओटा ढबढब वाजला.

"हा पोकळ आहे," बिबटराव म्हणाले. ते प्रामाणिक होते हे लक्षात ठेवा. सरकारी कामातली चोरी त्यांना सहन होत नसे.

लगेच बैठक लागली. करकोचेसाहेब तर रागाने दोन्ही पायांवर उभे राहिले. "भरीव म्हणजे भरीव! हा मानकांचा खून आहे. एकेक ओटा भरून काढा, मागची भिंत लिंपून घ्या. आणि हे काम या चोराला देऊ नका. मुंग्यांना द्या. त्या सांगितलेलं काम पूर्ण करतात."

मुंग्यांना सगुणाबाई ओळखत होती. मुंग्या सुट्टी घेत नाहीत, चहाला बसत नाहीत आणि एकसुद्धा भोक उघडं ठेवत नाहीत.

तिने बैठक संपायच्या आत बाहेर येऊन हुप्पाजीला गाठलं. तो पिंपळाखाली लोळत होता.

"हुप्पाजीभाऊ, काम तुमच्याकडंच ऱ्हायला पायजे," ती म्हणाली. "भराव घालायचा ठेका तुमीच घ्या. आणि घालू नका. दर मंगळवारी पाटीभर रताळी देईन."

हुप्पाजी उठून बसला. त्याच्या तोंडावर दुखावल्याचा भाव होता.

"अक्का, असं बोलू नये. काम न करायचं मी आजवर कुणाकडनं काय घेतलं नाय. ते आपलं मनापासनं होतं."

सगुणाबाईने त्याला हात जोडले. आयुष्यात तिने कोणाची उधारी बुडवली नव्हती की मापात रताळं कमी दिलं नव्हतं. चोरापुढे हात जोडायची वेळ येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती आत परतली तेव्हा ठराव मतदानाला आला होता. मुंग्यांच्या बाजूने करकोचेसाहेब बोलले, तरस बोललं. मग सगुणाबाईने पंजा वर केला.

"मला बोलायचंय."

तिच्या बाबतीत समितीला थोडं अवघडल्यासारखं होत असे.

"हुप्पाजीला बदलू नका," ती म्हणाली. "मुंग्या कामाच्या, मी कुठं नाय म्हणते? पर त्या परक्या वारुळातल्या. हुप्पाजी आपल्या जंगलाचा. त्येनं केलेलं काम तुमी वरनं बघितलं. मी आतनं बघितलंय. त्या कामामुळं मी जित्ती हाय."

"म्हणजे?" करकोचेसाहेबांनी विचारलं.

"म्हंजे माझं पोट त्या गाळ्यावर चालतं," सगुणाबाई म्हणाली. "माझा मालक या चौकात गेला. मी समितीकडं कायबी मागितलं नाय. एवढं एक मागते."

बिबटरावांचे डोळे पाणावले. त्यांनी टेबलावर पंजा आपटला आणि सांगितलं, की एका विधवेचा शब्द आपण खाली पडू देणार नाही. भराव घालण्याचा नवा ठेका हुप्पाजीला एकमताने देण्यात आला.

चौकात फलक लागला, "काम प्रगतीपथावर आहे." तो अजून आहे. समितीचं कोणी येताना दिसलं, की हुप्पाजी एका धोंड्यावर दुसरा धोंडा आपटतो. ते गेले, की झोपतो. इतक्या वर्षांत त्याने कामचुकारपणात एकदाही कसूर केलेली नाही.

दर मंगळवारी बाजार भरतो. रताळी मांडण्याआधी सगुणाबाई कुंडीपाशी जाऊन क्षणभर उभी राहते. मग गाळ्यात येते, डोळे मिटते आणि सगळ्या बाजाराच्या वतीने हात जोडते.

"देवा," ती म्हणते, "अध्यक्षांना आणखी दया देऊ नको, साहेबांना आणखी अक्कल देऊ नको. आणि आमच्या ठेकेदाराला कधी सुबुद्धी देऊ नको."

तात्पर्य: चौक बांधताना मानकं कडक असावीत, अध्यक्ष दयाळू असावेत, नगररचनाकार विद्वान असावेत. आणि एवढं सगळं जमून आलंच, तर प्रजेच्या जिवासाठी ठेकेदार तरी पारखून चोर घ्यावा.