कूजातले केस

तुळजा केस विंचरायला बसली की आधी पंखा बंद करायची. कुंभकोणच्या चैत्रात आपल्या हाताने पंखा बंद करणारे दुसरे माणूस मी पाहिले नाही. मग खिडकी लावायची, दार लावायची, खाली बापाचे पांढरे धोतर पसरायची आणि घामाने भिजत, गळलेला एकेक केस उचलून पितळेच्या कूजात टाकायची. कूजा म्हणजे फिरकीच्या झाकणाचा तांब्या. पूर्वी तंजावरला लग्नाला जाताना आम्ही त्यातून गरम कापी न्यायचो. आता त्यातली कापी कोणी दिली तर मी पिणार नाही.

ती आमच्या शेजारी राहते, ब्लाउज शिवते. लग्न केले नाही. का, ते मी चाळीस वर्षांत विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. अंगाने इतकी वाढली होती की उठताना शिवणाच्या यंत्राला धरायची आणि यंत्र करकरायचे. गुडघे गेले तेव्हा त्रिचीला जाऊन ऑपरेशन करून पोट लहान करून घेतले. चार महिन्यांत अंग उतरले आणि केस गळू लागले. डॉक्टरीण म्हणाली, या ऑपरेशनानंतर असे होतेच, परत येतील, हरभरे खा, पनीर खा, धीर धरा. तुळजा रडली नाही, चिडली.

"माझे असते तर जाऊ दिले असते," म्हणाली. "हे बोललेले आहेत."

म्हणजे स्वामीमलैच्या स्वामीला नवस बोललेले. पूर्ण डोके. आणि देण्याआधीच देवाचे केस मोरीतून वाहून चालले होते. नवस कशासाठी, ते सांगेना. मी समजलो, ऑपरेशनासाठी. मला तेव्हा विचारायचे भान नव्हते. माझी बायको रुक्मा जाऊन महिनाच झाला होता.

एकदा तिने दह्यातली डांगर पच्चडी पाठवली, त्यात केस. मी वाटी घेऊन गेलो, म्हटले हे काय खायला घालतेस. वाटले, शरमेल. तिने तो केस चिमटीत धरून उजेडात बघितला, धुतला आणि कूजात टाकला.

"बरे झाले आणलात, अण्णा. माझा नव्हे, त्याचा."

त्या दिवसापासून रोज कुंपणावरून विचारायची, आमच्याकडचे काही सापडले का. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजचे काज उसवून केस काढलेले मी पाहिले आहेत. बायकांनी गंगावन लावायला सांगितले, तर म्हणाली, दुसरीचे केस घेऊन त्याच्यापुढे उभी राहू? तो ओळखणार नाही? फुले मात्र सोडली नाहीत. रोज हातभर मल्लीचा गजरा घ्यायची, आणि केसांत राहीना म्हणून यंत्राच्या मुठीला बांधायची. शिवताना मूठ फिरली की घरभर वास. डोक्याला काही बांधत नसे. मी तोंडाचा फाटका माणूस. म्हटले, तुळजा, सोललेल्या नारळासारखी दिसतेस. ती म्हणाली, तुम्ही तर ऑपरेशनावाचून तसे दिसता.

हरभऱ्याचा घास तीसदा चावते. उत्तर येईपर्यंत काय विचारले होते ते मी विसरतो. क्लबात, म्हणजे इथे हॉटेलाला क्लब म्हणतात, तिथे जाऊन अर्धी इडली मागते. ते म्हणतात, अर्धी नाही. ती भांडते. मग एक घेते, अर्धी खाते आणि उरलेल्या अर्धीकडे बघत बसते.

रुक्माचे वर्षश्राद्ध झाले. तोवर तुळजाच्या डोक्यावर नवे केस आले होते, मऊ, बाळाच्या जावळासारखे. आरशात बघून हसायची, हात फिरवत बसायची. मलाही बरे वाटले. आणि श्राद्धाच्या तिसऱ्या दिवशी कूजा घेऊन दारात उभी.

"चला अण्णा, स्वामीमलैला. तुम्हाला वर्षभर डोंगरावरच्या देवाला जाता येत नव्हते, म्हणून थांबले."

मला कळेना, माझ्या सुतकाशी हिच्या नवसाचा काय संबंध. बसमध्ये तिरुवलंचुळी येईपर्यंत मी तिला बोललो. आत्ता कुठे उगवले आहेत, बायकांना तीन बटा कापून दिल्या तरी चालतात, कूजा दे आणि तीन बटा दे. तिने तिथल्या विनायकाला खिडकीतूनच हात जोडले. देवळाच्या पायऱ्या ती भराभर चढली. मी मधे दोनदा बसलो.

वर ती न्हाव्यासमोर बसत होती तेव्हा मी म्हटले, "ऑपरेशनासाठी एवढे कशास?"

"ऑपरेशन डॉक्टरणीने केले. त्यासाठी केस ह्या देवाला कशास देऊ?" ती म्हणाली. "वैनी इस्पितळात होती तेव्हा बोलले. घरी आण म्हटले."

मी म्हटले, "तुळजा, ती गेली."

"घरी आली ना? अकरा दिवस ओट्यावर बसली ना? त्याने ऐकले." ती कूजाचे झाकण फिरवत राहिली. "मीच मागायला चुकले, अण्णा. घरी आण, एवढेच म्हटले. बरी कर म्हणायला सुचलेच नाही."

वर्षभर ही बाई पंखा बंद करून हे घेऊन बसली होती.

ते अकरा दिवस मला आठवले. रुक्माला खाणे जात नव्हते, हिच्या पोटात जागा नव्हती. ही रोज सकाळी एक इडली घेऊन यायची आणि दोघी अर्धी अर्धी खायच्या. मी आतून कापी आणायचो. रुक्मा हसायची. इस्पितळात ती एकदाही हसली नव्हती.

"मी तिथे होतो. मलाही सुचले नाही," मी म्हटले. मला यापेक्षा चांगले बोलता येत नाही.

न्हाव्याने कूजात डोकावून तिच्याकडे बघितले. हे आधीचे, ती म्हणाली. त्याने ते टोपलीत ओतले आणि वस्तरा लावला. तिचे झाल्यावर मी बसलो. माझे कानांमागे मूठभर होते.

"तुम्ही कधी बोलला होता?" तिने विचारले.

"बोललो नव्हतो. पण अकरा दिवस मीही घेतले की."

तिने माझ्या डोक्याला चंदन लावले, मी तिच्या. डावीकडे राहिले, म्हणाली. मी पुन्हा लावले. मग खाली येऊन क्लबात बसलो. तिने एकच इडली मागवली, भांडली नाही, मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या पानावर ठेवली.

मला भूक दोन इडल्यांची होती. मी तेवढीच खाल्ली.