विषय बदलला!

"विषय बदलला!"

भालूकाका हे असं भर जेवणात जाहीर करतात. टेबलाभोवती आम्ही बारा-पंधरा जण बसलेले असतो, गप्पांची गाडी मुलांच्या शाळांवरून घरांच्या किमतींवर आलेली असते आणि ते आम्हाला सगळ्यांना कळलेलंही असतं. तरी दवंडी येते, "विषय बदलला! आता घरांच्या किमती!" पुढे जो कोणी बोलेल त्याची उजळणी. "निखिल म्हणतो, अजून वर्षभर थांबा!" निखिल माझा नवरा. तो काकांपासून चार फुटांवर बसून हेच वाक्य नुकतंच बोललेला असतो.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये भालूकाका आणि शैलाकाकू सगळ्यांत ज्येष्ठ. ते चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, आम्ही काल-परवाचे. आमचे सख्खे काका-काकू विमानाने वीस तास लांब, त्यामुळे दिवाळीला आणि थँक्सगिव्हिंगला ही जोडी सगळ्यांना हवी असते. निदान काकू तरी हव्या असतात, काका त्यांच्यासोबत येतात, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलेलं आहे. मी नागपूरची, पोटात काही ठेवता येत नाही.

कारण काका शिरले की घर आपलं राहत नाही. मी हौसेने मेणबत्त्या लावून मंद उजेड करावा, तर हे बूट काढायच्या आधी घरातले सगळे दिवे लावणार. "अंधारात जेवायला आपण काय चोर आहोत?" टीव्हीवर फुटबॉल असेल तर आवाज बंद. शेगडीवरचा एक्झॉस्ट बंद, मग फोडणीचा ठसका घरभर. एकदा त्यापायी स्मोक अलार्म वाजायला लागला, तर त्यांनी स्टुलावर चढून तोही काढला.

मग खुर्च्या. काकू भिंतीला पाठ लावून मधोमध आणि बरोबर समोर काका. "हिला वारा लागतो," म्हणे. बाहेर बर्फ, सगळ्या खिडक्या गच्च बंद, हीटर चालू. कुठून लागतो वारा, देव जाणे.

आमच्यातला संदीप म्हणजे चावट जिभेचा माणूस. त्याने काकांचं नाव ठेवलं 'रिपीट टेलिकास्ट', आणि तेही तोंडावर. काकांनी समोर बघत, खणखणीत आवाजात तेही प्रसारित केलं, "संदीप म्हणतो, मी रिपीट टेलिकास्ट!"

या बोलण्याच्या नादात त्यांचं जेवण कधी धड झालं नाही. घास हातात, तोंड बातमीपत्रात. सगळे उठले की काकू मुकाट्याने त्यांचं ताट मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या. काकू हसऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. असा नवरा असल्यावर बाई बोलणार तरी कधी, असं मला वाटायचं.

आणि हो, मिशी. काकांची मिशी चांगली झुपकेदार होती. लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या आधी मिशीच दिसते. एका दिवाळीला काका आले ते मिशीशिवाय. आपल्याकडे मिशी काढून द्यायची भाषा पैजेतच होते, त्यामुळे संदीपने लगेच विचारलं, "काका, कुठली पैज हरलात?"

"सूप अडकायचं रे," काका म्हणाले.

काकांना मी जन्मात कधी सूप पिताना पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंग आमच्याकडे होतं. आदल्या रविवारी पहिला बर्फ पडला. काकांनी हट्टाने स्वतःच ड्राइव्हवे साफ केला आणि घसा बसवून घेतला. बसवून म्हणजे पार, आवाजच नाही. गुरुवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, 'बरं नाही. आमचं कॅन्सल.' दहा मिनिटांनी काकूंचा, 'आम्ही येतोय. वीस पुरणपोळ्या करून ठेवल्या आहेत.'

खरं सांगते, मला आनंद झाला. यंदा दवंडी नाही! मी मेणबत्त्या लावल्या. काका आल्या आल्या दिव्याच्या बटणांकडे गेले, सगळे दिवे लावले. त्यांची पाठ वळल्यावर मी ते बंद केले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बिचाऱ्यांना बोलता कुठे येत होतं!

जेवायला बसलो. संदीप भारतवारीचे किस्से सांगत होता, सगळे हसून बेजार. काकूही हसत होत्या, पण सगळ्यांचं हसणं ओसरायला आलं की मग. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मी काकांकडे पाहिलं. ते टेबलावर पार ओणवून चेहरा मेणबत्तीच्या उजेडात येईल असे बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. संदीपचं वाक्य न् वाक्य ते नुसत्या ओठांनी सांगत होते. काकू डोळे बारीक करून त्या ओठांकडे बघत होत्या.

दिवे, एक्झॉस्ट, टीव्ही, समोरची खुर्ची. मिशी! मला एकेक आठवत गेलं. मी उठले आणि घरातले होते नव्हते ते सगळे दिवे लावले.

"अगं, छान रोमँटिक वाटत होतं ना यार," निखिल म्हणाला.

"अंधारात जेवायला आपण काय चोर आहोत?" मी म्हणाले.

तेवढ्यात काकांना खोकल्याची उबळ आली. ते किचनमध्ये गेले, मी मागोमाग. गरम पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "काकूंना ऐकू येत नाही का?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग फ्रिजवरचं वाणसामानाचं पॅड काढून लिहायला लागले. 'मशीन आहे. पण गर्दीत सगळे आवाज एक होतात. कोणाला सांगू नकोस, तिने शपथ घातली आहे.' पान उलटलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरी, एक जण आपली आई गेल्याचं सांगत होता. काकूंना काही कळलं नाही. चेहऱ्यावर हसू ठेवून त्या म्हणाल्या, अरे वा, अभिनंदन! घरी येईपर्यंत गाडीत रडत होत्या. 'यापुढे तुम्ही एकटे जात जा' म्हणाल्या. आठ महिने कुठे गेल्या नाहीत.

खाली काकांनी एकच ओळ लिहिली होती. 'म्हटलं, लोकांना हसायचंच असेल तर माझ्यावर हसू देत.'

मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. ते बंद केलेले दिवे डोळ्यांपुढून हलेनात. खोकणाऱ्या काकांना तिथेच स्टुलावर बसवून मी बाहेर आले, त्यांच्या खुर्चीत बसले आणि काकूंकडे तोंड करून म्हणाले, "विषय बदलला! आता संदीपच्या मुलीचं कॉलेज!"

टेबलावर हशा पिकला. "अरे, हे संसर्गजन्य आहे की काय?" संदीप म्हणाला.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किचनच्या दाराकडे पाहिलं, मग समोर काकांच्या ताटाकडे. पुरणपोळीवरचं तूप थिजून पांढरं झालं होतं. त्यांनी केस कानामागे घेतले. कानात छोटंसं मशीन होतं.

"जरा इकडे बघा रे सगळे," त्या म्हणाल्या. "मला नीट ऐकू येत नाही. फार वर्षं झाली. माझ्याशी बोलायचं तर तोंड माझ्याकडे करा आणि एका वेळी एकानेच बोला. आणि ह्यांना जेवू द्या. इतकी वर्षं झाली, माझ्यापायी पार्टीत गरम घास खाल्ला नाही त्यांनी."

संदीप उठला, वळसा घालून काकूंसमोर येऊन बसला. "काकू, सॉरी. मी काकांना ते रिपीट टेलिकास्ट..."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच सांगितलं."

काका किचनच्या दारात उभे होते. मी त्यांची पोळी तव्यावर गरम करून आणली.

एका वेळी एकाने बोलायचं, हे मराठी माणसाला सांगणं सोपं आहे, करणं महाकठीण. आता आमच्याकडे पळी असते. ज्याच्या हातात पळी, तो बोलणार. संदीपच्या हातून ती हिसकावून घ्यावी लागते. काकू पळी घेतल्यावर कशा बोलतात म्हणून सांगू! सगळ्यांचं उणंदुणं त्यांनी इतकी वर्षं नुसतं बघून टिपून ठेवलेलं होतं, माझ्यासकट.

यंदाची दिवाळी संदीपकडे झाली. सगळे दिवे लावलेले. काकांचा आवाज केव्हाच परत आला आहे, पण दवंडीला काम उरलेलं नाही. टम्म पुरी आणि बटाट्याची भाजी समोर घेऊन ते मान खाली घालून जेवत होते. पळी फिरत होती. काकूंनी टेबलावर हात पुढे करून त्यांच्या मनगटाला हात लावला.

"अहो, विषय बदलला. आता संदीपचं नवीन घर."

काकांनी मान वर केली. गाल भरलेले, डोळेही भरलेले.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

काकूंनी पुन्हा सांगितलं.