अर्धा चहा इकडे, अर्धा तिकडे

अंबादासभाऊ एका टपरीवर पूर्ण चहा कधीच पीत नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत तो काम करतो त्या डाळमिलच्या फाटकासमोर, रस्त्याच्या दोन बाजूंना दोन टपऱ्या आहेत. हा माणूस इकडे अर्धा कप घेतो, ट्रक चुकवत रस्ता ओलांडतो आणि तिकडे अर्धा कप घेतो. चवीचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखाच पाणचट. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "उद्या याचा गॅस संपला तं? दुसऱ्याशी वळख जिती ठेवा लागते बाप्पा."

हा मुळात असा नव्हता. तीस वर्षं त्यानं मिलच्या खरेदीचं काम सरळ मान खाली घालून केलं. पंचावन्नाव्या वर्षी, जेव्हा माणूस गुडघ्यांना तेल चोळतो, तेव्हा यानं अमरावतीच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारच्या एमबीएला नाव घातलं. विषय, सप्लाय चेन रिस्क मॅनेजमेंट. म्हणजे माल शेतातून निघून गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत वाटेत काय काय आडवं येऊ शकतं, ते आधीच ओळखून ठेवायचं शास्त्र. ते शिकायला दोन वर्षं लागतात हे ऐकून मी हसलो होतो. मी फाटक्या पोत्यांना दाभणानं टाके घालत धंदा उभा केला. काय आडवं येतं ते मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, तेही फीशिवाय.

वर्गातली पोरं त्याला काका म्हणतात. पहिली सहामाही संपली तेव्हा काकांच्या तोंडी एकच वाक्य बसलं होतं, "आन् हे आलंच नाई तं?" खिशात एक वही आली. प्रत्येक संकटाला दोन आकडे, घडण्याची शक्यता पाचपैकी किती आणि नुकसान पाचपैकी किती. दोघांचा गुणाकार करायचा आणि मोठ्या आकड्याला आधी घाबरायचं. एका साखरपुड्यात त्यानं भर मांडवात मुलीच्या बापाला विचारलं, "आन् नवरदेव आलाच नाई तं?" तिघांनी धरून त्याला पंगतीत नेऊन बसवलं, म्हणून वाचला.

मिलमधल्या एका हमालाच्या मुलीचं लग्न चांदूर बाजारला होतं. स्वयंपाकाची जबाबदारी याच्याकडे. यानं गुपचूप दोन आचारी सांगून ठेवले, एक नाही आला तर दुसरा असावा म्हणून. दोघंही आले. एकमेकांना पाहून दोघांचीही तोंडं फुगली. बोलणं बंद, पण कढई एकच. वांग्याच्या भाजीत पहिल्यानं मीठ घातलं, तो लाकडं आणायला गेला तेव्हा दुसऱ्यानंही घातलं. पहिल्या घासाला अख्खी पंगत पाण्यासाठी ओरडली. पाण्याचे टँकरही त्यानं दोन सांगितले होते, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

इथवर मीही हसत होतो. मग त्याची वही माझ्यापर्यंत आली.

त्या मिलला डाळ भरायचा बारदाना, म्हणजे रिकामी पोती, अठरा वर्षं मी एकटा देत होतो. भावात मी कोणाला ऐकत नाही, पण माझी गाडी एक दिवस चुकलेली नाही. अंबादासभाऊनं मला बोलावून वही उघडली. पहिलंच नाव माझं, गजानन बारदानावाले. एकच पुरवठादार. नुकसान पाच, शक्यता चार.

"चार कावून?" मी विचारलं.

"तुमचा राग, गजाननभाऊ. कोन्या दिवशी भांडून माल बंद करसान."

"मी? रागीट?" म्हणत मी पेपरवेट टेबलावर आपटला.

त्यानं शांतपणे चार खोडून पाच केले. माझी अर्धी ऑर्डर अचलपूरच्या एका व्यापाऱ्याला गेली. अठरा वर्षांचं हे फळ! मी दर आठवड्याला जाऊन भांडायचो, तो दर वेळी पाणी मागवायचा.

तीन महिन्यांनी त्याचा फोन आला. "गजाननभाऊ, उद्या अमरावतीले चालता काय? मले पालक पाह्यजे."

वर्गाची सहल मुंबईकडं बंदर पाहायला चालली होती. त्या बंदरातून परदेशी तूर या मिलला येते. तीस वर्षं तिची वाट पाहून याचे केस पांढरे झाले, पण बंदर सोडा, यानं समुद्रच पाहिला नव्हता. फॉर्मवर पालकाची सही हवी, तीही ऑफिसात समोर उभं राहून. वय सांगून पाहिलं, पण नियम सगळ्यांना एकच. उद्या शेवटचा दिवस. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान मी त्याचा पालक होणार होतो!

मला सौदा दिसला. बसमध्ये बसताच सांगितलं, "सही करतो. माही अर्धी ऑर्डर वापस."

"ते होत नाई. मिलचं नुकसान हाय."

"मंग समुद्र फोटोत पाहा."

"पाहीन."

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, गडी हलला नाही. वर माझ्या तिकिटाचे पैसेही त्यानंच दिले.

कॉलेजच्या खिडकीशी त्यानं मोत्यासारख्या अक्षरात फॉर्म भरला. खाली लिहिलं होतं, अडचणीत कळवण्यासाठी दोन व्यक्तींचे नंबर. पहिला माझा होता. दुसरी ओळ कोरी.

"काका, दुसरा नंबर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"नाई."

"घरचं कोणी?"

"बहीण होती. मागच्या वर्षी गेली." गोदामातला माल संपला हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"मिलमधलं कोणी लिहा."

"त्याईले कायले तरास?"

पेन माझ्या हातात होतं. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि समोरचा अडलेला होता. भाव पाडायची याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळाली नसेल. मी सही केली आणि दुसऱ्या ओळीत माझ्या बायकोचा नंबर लिहिला.

अंबादासभाऊनं वाकून पाहिलं. "हे चालत नाई. दोनी नंबर एकाच घरचे. तुमी दोघंई गावाले गेले तं? हा पर्याय होत नाई, गजाननभाऊ."

"अबे बह्याडा, राहू दे ना लिहिलेलं!" मी इतक्या जोरात ओरडलो, की बाईंनी घाईघाईनं शिक्का मारून टाकला.

"पन वयनीले न इचारता?" म्हणत त्यानं तिथंच फोन लावला. घसा खाकरून म्हणाला, "वयनी, तुमचा नंबर देऊन राहिलो. मले कुठी काई झालं तं..."

माझ्या बायकोचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो. "नंबराचं काय इचारता भाऊजी? अमरावतीवरून सरके घरी या. भाकर टाकून ठेवतो."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. अर्धी ऑर्डर अजून अचलपूरलाच जाते, आणि ते भांडण मी सोडलेलं नाही. पण त्या वेळी मी फोनवर बायकोला एवढंच सांगितलं, की दोघंही येतो. तो माझ्याकडं पाठ करून भिंतीवरचा फलक वाचत होता. फलकावर गेल्या वर्षीचं वेळापत्रक होतं, आणि ते वाचून संपायला त्याला बराच वेळ लागला.