पेशींचा भरघोस प्रतिसाद

अमेरिकेतल्या मॅडिसन शहराच्या एका प्रयोगशाळेत मारेन टोलेफसन या संशोधिकेने त्वचेच्या जिवंत पेशींवर लोखंडाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण सोडले आणि काचेच्या बशीखाली चुंबक धरला. कणांनी पेशींच्या तलम आवरणातून अलगद आत जावे, अशी अपेक्षा होती. कण आवरणाला चिकटले, चुंबकाने ते ओढले आणि आवरण टराटरा फाटले. पेशी मेल्या.

तिने विभागप्रमुख लाइल ब्रँडवोल्ड यांना हे सांगितले. ते दुखावले.

"फाटलं काय म्हणतेस, मारेन? प्रवेश सुलभ झाला म्हण."

"अहो लाइल, पण घरात कुणी जिवंतच उरलं नाही!"

"म्हणजे विरोधही उरला नाही. उत्तम!"

अहवालात तसेच नमूद झाले. शेजारच्या बशीत कण न घातलेल्या पेशी मजेत वाढत होत्या. त्यांची नोंद 'उपचारास असहकार करणाऱ्या' अशी झाली. प्रसिद्धी विभागाने 'पेशींनी दार उघडले' असे जाहीर करताच चुंबकीय मलम काढायला एक कंपनी धावत आली. मलम चेहऱ्याला लावायचे होते.

कराराच्या समारंभात ती उभी राहिली. "हे कण पेशींना ठार मारतात," ती म्हणाली.

कंपनीच्या संचालिका ओडेट फार्नहॅम यांनी काळजीने विचारले, "मरताना दुखतं का हो त्यांना?"

"पेशींना कसं दुखेल?"

"ऐकलंत? वेदनारहित!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. डबीवर 'वेदनारहित' हा शब्द छापला गेला, आणि त्याखाली शास्त्रीय आधार म्हणून मारेनचे नाव.

तिने राजीनामा दिला. गावच्या वर्तमानपत्रात सगळे उघड लिहिले: कण, चुंबक, फाटलेली आवरणे, मेलेल्या पेशी. लेख छापून आला त्या सकाळी ओ क्लेअर या गावाहून आईचा फोन आला.

"वाचलं गं तुझं. पेशी मरतात म्हणे?"

"हो आई!" मारेन म्हणाली. "निदान तुला तरी पटलं."

"पटलं की. सुरकुत्यांच्याच मरतात ना?"

मारेनने फोन ठेवला. तोवर दुकानांतल्या डब्या संपल्या होत्या.

त्या मलमाचे नाव आम्ही इथे दिलेले नाही. ते पुढे कुठेतरी येईल, या आशेनेच तर तुम्ही इथवर वाचत आलात.